ख्रिस्ती नरक, बायबलची वचने आणि नास्तिकाचा आक्षेप

मुक्तछंद
नास्तिकाला ख्रिस्ती मित्रांकडून हमखास येणारा प्रश्न: "आणि नरक खरोखरच असला तर?" धमकी कितीही भयंकर केली तरी ती खरी असण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही, हे माझे पहिले उत्तर. पण तेवढ्यावर विषय संपवणे मला पटत नाही. ज्या ग्रंथाच्या नावाने ही धमकी दिली जाते, तो उघडून ओळ न् ओळ वाचायला हवा.

वाचल्यावर दिसते ते असे. जुन्या करारात बहुतेक ठिकाणी मेलेला माणूस अधोलोकात जातो, मग तो सज्जन असो की दुर्जन. याकोबही तिथेच जाणार असतो. उपदेशक ९:५ सांगते की मेलेल्यांना काहीच कळत नाही. मृत्यूनंतर काहींना सार्वकालिक जीवन आणि काहींना सार्वकालिक धिक्कार, असे स्पष्टपणे प्रथम येते ते दानीएल १२:२ मध्ये, आणि त्या ग्रंथाचा हा भाग बहुतेक अभ्यासक इ.स.पू. १६५ च्या आसपासचा मानतात. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात चोरी, खून, व्यभिचार यांच्या शिक्षा तपशीलवार आहेत, पण मरणोत्तर यातनेचा उल्लेख नाही. नरक ही माणसाच्या अस्तित्वातली सर्वांत मोठी गोष्ट असेल, तर देवाने ती इतकी शतके का सांगितली नाही?

नव्या करारात नरकासाठी 'गेहेन्ना' हे नाव १२ वेळा येते. त्यातले ११ उल्लेख मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत आणि एक याकोबाच्या पत्रात (३:६). योहानाच्या शुभवर्तमानात एकही नाही, पौलाच्या पत्रांत एकही नाही. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र आणि पौल यांची इतकी भाषणे आहेत. त्यांत न्यायाचा दिवस आहे, पुनरुत्थान आहे, पण गेहेन्नाची भीती घालून कोणाला बाप्तिस्मा दिलेला नाही.

माझा प्रश्न: नास्तिकाने नेमका कशावर आक्षेप घ्यावा? अनंत शिक्षेच्या अन्यायावर, वचनांच्या डळमळीत आधारावर, की "विश्वास ठेवला नाही म्हणून शिक्षा" या निकषावर?

शेवंती
वाचतेय. धागा चांगला निघणार असे दिसतेय.

पोथीपारखी
लेख आवडला. भर म्हणून आधी नास्तिकांच्याच बाजूने वारंवार होणाऱ्या चुका सांगतो, कारण जाणकार ख्रिस्ती माणूस त्या एका मिनिटात दाखवून देतो आणि मग पुढचे खरे मुद्देही वाया जातात.

पहिली: "गेहेन्ना म्हणजे जेरुसलेमचा कचरा जाळण्याचा उकिरडा." हे सगळीकडे लिहिलेले सापडते. हिन्नोमचे खोरे जेरुसलेमच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला खरोखर आहे, पण तिथे येशूच्या काळी कायम जळणारा उकिरडा होता असा समकालीन लेखी पुरावा नाही, उत्खननातलाही नाही. ही माहिती प्रथम मिळते ती रब्बी दाविद किमही यांच्या स्तोत्रांवरील टीकेत, इ.स. १२०० च्या सुमारास. खोऱ्याची कुप्रसिद्धी वेगळ्या कारणाने आहे. तिथल्या तोफेथ या जागी मुलांना अग्नीत होमत. योशिया राजाने ती जागा भ्रष्ट केली (२ राजे २३:१०) आणि यिर्मयाने "हे वधाचे खोरे होईल" असे भाकीत केले (७:३१-३२). नरकाला त्या खोऱ्याचे नाव मिळाले ते तिथून.

दुसरी: "नरक कॉन्स्टंटाईनने घुसडला." म्हणजे चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाने. साफ चूक. स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यात जाळला गेला. त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात तो अधिकाऱ्याला सुनावतो, की तुझी आग तासाभराची आहे, दुष्टांसाठी राखलेल्या सार्वकालिक आगीची तुला कल्पना नाही. कॉन्स्टंटाईन त्यानंतर दीडशे वर्षांनी आला. ३२५ च्या निकेया परिषदेच्या मतांगिकारात (श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत) तर नरकाचा उल्लेखच नाही.

तिसरी: "दांतेने रचला." दांते हा चौदाव्या शतकातला इटालियन कवी. त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकातच, पेत्राच्या नावावर खपवलेले एक प्रकटीकरण फिरत होते. त्यात निंदकांना जिभेला टांगलेले आहे आणि प्रत्येक पापाला वेगळी यातना आहे. काही जुन्या चर्चमध्ये ते वाचले जाई, पण शेवटी ते बायबलमध्ये घेतले गेले नाही.

तर्कवितर्क
पोथीपारखी, दुसऱ्या मुद्द्याबद्दल विशेष धन्यवाद. कॉन्स्टंटाईनच्या माथी काहीही मारण्याची सवय आपल्या लोकांनी खरेच सोडली पाहिजे.

वसईचा वारा
मी कॅथोलिक आहे. धागा सभ्यपणे चालला आहे म्हणून लिहितो.

मुक्तछंद, तुमचे उल्लेख अचूक आहेत, पण कॅथोलिक चर्च फक्त वचने मोजून शिकवण ठरवत नाही. परंपरा आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार हेही त्यात धरले जातात. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद १०३३ ते १०३७) नरक म्हणजे देवाच्या सहवासातून माणसाने स्वतःला कायमचे वगळून घेणे, अशी व्याख्या आहे. मुख्य शिक्षा देवापासूनचा विरह. देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही, हेही तिथेच स्पष्ट म्हटले आहे. २८ जुलै १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरक ही जागा असण्यापेक्षा अवस्था आहे असे सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस इटालियन दूरचित्रवाणीवर म्हणाले की नरक रिकामा आहे असे मानायला मला आवडते, आणि हे माझे वैयक्तिक मत आहे, सिद्धांत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. चर्च संतपद जाहीर करते, म्हणजे अमुक माणूस स्वर्गात आहे असे सांगते. अमुक माणूस नरकात आहे असे चर्चने आजवर एकाही व्यक्तीबद्दल अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. येशूला दगा देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही.

तर्कवितर्क
वसईचा वारा, तुमची आजची शिकवण सौम्य आहे हे मान्य. पण चर्चने १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत काय म्हटले तेही सांगायला हवे. चर्चबाहेरचे लोक, म्हणजे केवळ मूर्तिपूजकच नव्हेत तर यहुदी, पाखंडी आणि फुटीर ख्रिस्तीही, मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेल्या सार्वकालिक अग्नीत जातील, असा तो मजकूर आहे. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, आणि जे सदसद्विवेकाला जागून जगतात, त्यांचेही तारण होऊ शकते. मधल्या ५२२ वर्षांत बायबलमधले एक अक्षर बदलले नाही. मग बदलले काय? माझ्या मते माणसांची न्यायाची जाणीव बदलली, आणि शास्त्राचे वाचन तिच्यामागून आले.

वसईचा वारा
आम्ही याला शिकवणीचा विकास म्हणतो. १४४२ मध्ये परिषदेसमोर जे जग होते, त्यात शुभवर्तमान सगळीकडे पोचले आहे आणि नाकारणारा ते जाणूनबुजून नाकारतो असे गृहीत होते. अमेरिका खंडाचा शोध त्यानंतर ५० वर्षांनी लागला, आणि ज्यांनी येशूचे नावही ऐकलेले नाही असे असंख्य लोक आहेत हे कळल्यावर ईश्वरशास्त्रज्ञांना पुन्हा विचार करावा लागला. प्रश्न खरा आहे, आम्ही तो टाळत नाही.

माडांची राई
याच मुद्द्यावर गोव्याशी थेट नाते असलेली गोष्ट. फ्रान्सिस झेवियरने जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून युरोपला लिहिलेले पत्र जरूर वाचा. जपानमधल्या नवख्रिस्ती लोकांनी त्याला विचारले, की आमचे वाडवडील नरकात आहेत, तर प्रार्थना किंवा दानधर्म करून त्यांना सोडवता येईल का? त्याने उत्तर दिले की आता उपाय नाही. ते ऐकून लोक रडले, आणि आपल्या मित्रांना असे रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, असे झेवियर स्वतः लिहितो. ज्याचे शव आज जुन्या गोव्यात आहे त्याच माणसाच्या हातची ही कबुली. शिकवण क्रूर आहे हे सांगायला नास्तिकाची गरजच पडली नाही, ती शिकवणाऱ्याच्याच काळजाला घरे पडत होती.

अवांतर: गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत नरकाला 'यमकोंड' म्हणतात. यम आणि त्याचे कुंड थेट चर्चच्या प्रार्थनांमध्ये बसले.

कृष्णाकाठ
यमकोंडावरून आठवले. आपल्याकडचे नरकही काही कमी नाहीत. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरक आहेत, मनुस्मृतीत २१. उकळते तेल, लाकडासारखी करवतीने चिरफाड, सगळे आहे. फरक एवढाच की ते भोगून संपतात, मग पुढचा जन्म.

पोथीपारखी
कृष्णाकाठ, बहुतेक दर्शनांबाबत बरोबर. एक मोठा अपवाद नोंदवतो: मध्वाचार्य. द्वैतमतात जीवांचे तीन वर्ग आहेत आणि त्यातले तमोयोग्य जीव कायमचे अंधतमसात (गडद अंधाराच्या नरकात) जातात, परत येत नाहीत. तेव्हा अनंत नरक फक्त ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेत आहे, असे म्हणता येत नाही.

उलट, येशू ज्या यहुदी परंपरेत वाढला तिच्यात पुढे गेहेन्नाची मुदत ठरलेली असल्याचेही मत होते. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या एदुयोत प्रकरणात (२:१०) दुष्टांची गेहेन्नातली शिक्षा १२ महिने, असे रब्बी अकिवाच्या नावाने दिले आहे. मृत आईवडिलांसाठी कद्दिश ही प्रार्थना ११ महिने म्हणण्याची प्रथा त्यावरूनच आली, कारण पूर्ण १२ म्हटले तर आपलेच आईबाप दुष्ट होते असे मान्य केल्यासारखे होईल. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस मात्र परूशी पंथाचे लोक दुष्टांना कायमची कैद मानत असे लिहितो, आणि सदूकी पंथ तर मरणोत्तर काहीच मानत नसे. एकाच धर्मात इतकी मते.

नगरी ज्वारी
मी प्रोटेस्टंट आहे. परंपरेपेक्षा वचन महत्त्वाचे मानणाऱ्यांतला. म्हणून मुक्तछंद यांच्या मोजणीला वचनांनीच उत्तर देतो.

गेहेन्नाचे १२ पैकी ११ उल्लेख येशूच्याच तोंडी आहेत. हा आधार डळमळीत कसा? मत्तय २५:४६ मध्ये "सार्वकालिक शिक्षा" आणि "सार्वकालिक जीवन" एकाच वाक्यात आहेत, विशेषण एकच. शिक्षेला मुदत लावाल तर जीवनालाही लावावी लागेल. हा युक्तिवाद चर्चचा थोर आचार्य ऑगस्टीन याने पाचव्या शतकात केला आणि तो अजून उभा आहे. पौल 'गेहेन्ना' म्हणत नाही, पण रोमकरांस पत्रात (२:८-९) क्रोध, कोप, संकट आणि क्लेश आहेत, थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (१:९) "युगानुयुगाचा नाश" आहे. प्रकटीकरण १४:११ तर वाचायलाही जड जाते: त्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर चढतो.

मला ही शिकवण प्रिय नाही. पण प्रिय नाही म्हणून वचन खोडता येत नाही.

मुक्तछंद
नगरी ज्वारी, प्रामाणिक उत्तर आहे. पण तोच मत्तय २५ वा अध्याय ३१ व्या ओवीपासून वाचा. तिथे शेवटच्या न्यायाच्या वेळी माणसांतली शेरडे (डावीकडे, शिक्षेला) आणि मेंढरे (उजवीकडे, जीवनाला) वेगळी करण्याचा निकष काय आहे? भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याला भेटलात का, बंदिवानाकडे गेलात का. एवढेच सहा प्रश्न. विश्वासाचा प्रश्न त्यात नाही. उजवीकडचे लोक तर "प्रभू, हे आम्ही केव्हा केले?" असे विचारतात, म्हणजे त्यांना आपण कोणासाठी करतोय हे ठाऊकही नव्हते. सार्वकालिक शिक्षेचे सर्वांत भक्कम वचन ज्या परिच्छेदात आहे, त्याच परिच्छेदात परोपकारी नास्तिक उजवीकडे उभा राहतो आणि कठोर काळजाचा भाविक डावीकडे.

शेवंती
हा प्रतिसाद जबरदस्त. अध्याय काढून वाचला, अगदी तसेच आहे.

ओढ्याकाठी
नगरी ज्वारी यांना पूरक आणि थोडे विरोधीही. प्रोटेस्टंटांमध्ये तिसरा पक्ष आहे: दुष्टांचा शेवटी पूर्ण नाश होतो, यातना अनंत चालत नाही. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट हेच मानतात (पुण्याचे स्पायसर विद्यापीठ त्यांचेच). इंग्लंडमधले मोठे इव्हँजेलिकल नेते जॉन स्टॉट यांनी १९८८ मध्ये या मताकडे कल दाखवला. १९९५ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धांत आयोगानेही नरक म्हणजे अनंत छळ नव्हे, तर शेवटी अस्तित्वच संपणे, अशी मांडणी केली.

त्यांचा वचनाधार असा: मत्तय १०:२८ मध्ये आत्मा आणि शरीर दोन्हींचा गेहेन्नात "नाश" होतो. रोमकरांस ६:२३ म्हणते पापाचे वेतन मरण. यहूदाच्या पत्रात (ओवी ७) सदोम आणि गमोरा यांना "सार्वकालिक अग्नीची" शिक्षा झाली असे आहे, पण ती शहरे आज जळत नाहीत. आग विझली, परिणाम कायमचा राहिला. आणि मार्क ९:४८ मधला न मरणारा किडा व न विझणारा अग्नी यशया ६६:२४ मधून घेतला आहे. तिथे तो अग्नी मढ्यांना लागलेला आहे, जिवंत माणसांना नाही. जुन्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही चौथ्या शतकातल्या प्रतींत, हे वाक्य मार्कात एकदाच येते. नंतरच्या नकलांमध्ये ते तीनदा झाले, म्हणून नव्या आवृत्त्यांत ४४ आणि ४६ या ओव्या गाळलेल्या दिसतील.

नगरी ज्वारी
ओढ्याकाठी, हे मत मी पाखंड मानत नाही. पण प्रकटीकरण २०:१० मध्ये सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा रात्रंदिवस पीडा भोगतात, आणि पाच ओव्यांनंतर माणसेही त्याच सरोवरात टाकली जातात. नाशवाद्यांकडे त्याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

ओढ्याकाठी
त्याच अध्यायात ओवी १४ मध्ये मरण आणि अधोलोक हेही अग्निसरोवरात टाकले जातात, आणि "हे दुसरे मरण" असा अर्थ लगेच दिला आहे. मरणाला वेदना होत नाहीत, तेव्हा टाकणे म्हणजे संपवणे. दहाव्या ओवीचा पेच मात्र राहतो, मान्य.

वसईचा वारा
चौथा पक्षही नोंदवा: अखेर सगळ्यांचे तारण. ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकात तशी आशा मांडली. जस्टिनियन सम्राटाने ५४३ मध्ये तिच्याविरुद्ध फर्मान काढले आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ओरिजेनला पाखंड्यांच्या यादीत घातले. पण जवळपास तेच शिकवणारा निस्साचा ग्रेगरी आजही संत आहे.

तर्कवितर्क
आता मूळ लेखातल्या "असला तर?" कडे. हा फ्रेंच गणितज्ञ पास्कालचा पैजेचा युक्तिवाद. पास्काल मेल्यावर तो १६७० मध्ये छापला गेला. मांडणी अशी: देव मानला आणि तो निघाला तर अनंत लाभ, नाही निघाला तर किरकोळ तोटा, म्हणून मानणे शहाणपणाचे. यात बिघडते ते दोन ठिकाणी. एक, तक्त्यात फक्त दोनच रकाने धरलेले आहेत. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने अठराव्या शतकातच लिहिले की इमामही हाच युक्तिवाद करू शकेल. वर पोथीपारखींनी मध्वमत सांगितले, तेही तक्त्यात घाला. प्रत्येक रकान्यात अनंत शिक्षा आली की हिशेबातून काहीच निष्पन्न होत नाही. दोन, विश्वास हुकमी नसतो. पास्कालला हे माहीत होते, म्हणून त्याचा सल्ला होता की तीर्थ घ्या, मिस्साला बसा, हळूहळू विश्वास बसेल. म्हणजे पुरावा नसलेली गोष्ट स्वतःच्या अंगवळणी पाडून घ्या. विचार करणाऱ्या माणसाला देण्याजोगा हा सल्ला नाही.

अनंत शिक्षेच्या समर्थनाचा दुसरा युक्तिवाद तेराव्या शतकातला ईश्वरशास्त्रज्ञ अक्वायनस याचा: पाप अनंत देवाविरुद्ध आहे म्हणून शिक्षा अनंत. पण मग खोटे बोलणे आणि कत्तल सारखीच ठरतात. लूक १२:४७-४८ मध्ये येशू स्वतः म्हणतो की जाणून चुकणाऱ्याला पुष्कळ फटके आणि न जाणणाऱ्याला थोडे. अनंत काळ चालणारे "थोडे फटके" कसे असतील?

वसईचा वारा
अक्वायनस तीव्रतेत फरक मानतो, काळात नाही. ओझे कमीजास्त, मुदत सारखी.

तर्कवितर्क
मुदतच अनंत असली तर कमीतली कमी वेदनाही जगातल्या कुठल्याही शिक्षेपेक्षा मोठी होते. आक्षेप तिथेच आहे.

माडांची राई
डार्विनचा उल्लेख झाला नाही अजून. त्याने आत्मचरित्रात लिहिले की ख्रिस्ती धर्म खरा असावा असे कोणाला वाटावे तरी कसे, कारण मग माझे वडील, भाऊ आणि जवळपास सगळे जिवलग मित्र कायमची शिक्षा भोगणार. ही शिकवण त्याने धिक्कारार्ह ठरवली. १८८७ च्या पहिल्या आवृत्तीत पत्नी एमाच्या इच्छेवरून हा मजकूर गाळला गेला. १९५८ मध्ये नात नोरा बार्लो हिने तो परत घातला. लोक डार्विनची अश्रद्धा उत्क्रांतीला चिकटवतात. त्याच्या नैतिक आक्षेपात नरक होता, हे सांगायचे राहून जाते.

शेवंती
मग मूळ प्रश्नाचे काय? तीनपैकी कोणता आक्षेप?

पोथीपारखी
समोर कोण आहे त्यावर क्रम ठरवा. आधी त्यांच्या चर्चची शिकवण विचारून घ्या. कॅथोलिकाशी बोलताना उकळत्या कढया काढू नका, तो धर्मशिक्षणग्रंथ दाखवेल. १४४२ आणि १९६४ शेजारी ठेवा. वचनवादी प्रोटेस्टंटाशी बोलताना मत्तय २५ आणि लूक १२ पूर्ण वाचायला घ्या, सुटी ओवी नको. आणि "जुन्या करारात नरकाचे बीजही नाही" असे म्हणून दानीएल १२:२ विसरू नका.

मुक्तछंद
धाग्यातून माझ्यापुरते उत्तर स्पष्ट झाले. वचनांवरचा वाद ख्रिस्ती लोकांमध्येच चार बाजूंनी चालू आहे. त्यात नास्तिकाने निकाल देण्याचे कारण नाही. माझा आक्षेप निकषावर. मार्क १६:१६ म्हणते, विश्वास न धरणारा दंडास पात्र होईल. आणि मार्काच्या त्या ९ ते २० या ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रतींत नाहीत.

नगरी ज्वारी
त्या ओव्या नंतरच्या आहेत हे मान्य, आमच्याकडेही शिकवतात. पण त्यावर इमारत उभारू नका. योहान ३:१८ सर्व प्रतींत आहे: विश्वास न ठेवणारा आधीच दोषी ठरला आहे. आक्षेप घ्यायचा तर त्या ओवीवर घ्या, आणि तिच्या पुढच्या तीन ओव्याही वाचा. तिथे दोषाचे कारण दिले आहे: लोकांची कृत्ये दुष्ट होती म्हणून त्यांनी प्रकाशापेक्षा अंधार पसंत केला.

मुक्तछंद
वाचल्या. मग प्रश्न असा, की ज्याची कृत्ये दुष्ट नाहीत आणि तरीही ज्याला पुरावा पटत नाही, तो या चार ओव्यांत कुठे बसतो? योहान त्याची कल्पनाच करत नाही. यावर तुमच्या पाळकांचे भाष्य असेल तर इथे जरूर लिहा, मला ते खरोखर वाचायचे आहे.

नगरी ज्वारी
विचारून लिहितो. रविवारनंतर.